घडाघडा वाचतो, पण काय वाचले?

सदर : घर आणि शाळा

"आमचा मुलगा तिसरीत आहे. धडा घडाघडा वाचतो. पण धड्यात काय होते असे विचारले, की पुस्तकाकडे बघत बसतो." ही तक्रार आपल्या घरांत वारंवार ऐकू येते. तिचे उत्तरही पुष्कळदा आपणच देऊन टाकतो. मुलाचे लक्ष नाही, मोबाइल फार झाला, अभ्यासाची आवडच नाही. खरे कारण बहुतेक वेळा याहून साधे असते. त्या मुलाला अक्षरे वाचायला शिकवले गेले, पण अर्थ लावायला कोणी शिकवले नाही. एकदा वाचता आले की समजणे आपोआप येते, असे आपण धरून चालतो.

ते आपोआप येत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर हे वाक्य वाचा : झरपाने दुमीत मखोळी पिंगारली.

आता प्रश्न. मखोळी कोणी पिंगारली? झरपाने. कुठे पिंगारली? दुमीत. झरपाने काय केले? मखोळी पिंगारली. तीनपैकी तीन गुण मिळाले! यातला एकही शब्द मराठीत नाही, तरी उत्तरे बरोबर आली. धड्याखालचे "एका वाक्यात उत्तरे लिहा" हे प्रश्न पुष्कळ मुले अशाच रीतीने सोडवतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, ती ओळ उतरवायची आणि पुढे जायचे. वहीवर बरोबरची खूण येते, प्रगतिपुस्तकात गुण येतात, घरचे खूश होतात. पाचवी-सहावीत इतिहास आणि विज्ञानाची मोठी पुस्तके हातात आली, की हाच मुलगा अडखळू लागतो. गणितातले शाब्दिक उदाहरणही त्याला सुटत नाही, कारण बेरीज करायची की वजाबाकी, हे वाक्य समजल्याशिवाय कळत नाही. पुढे शाळा सोडण्याची वेळ येते तेव्हा आपण म्हणतो, त्याचे डोके अभ्यासात चालत नव्हते. मुळात गाडी तिसरी-चौथीतच अडलेली असते.

याची व्याप्ती किती आहे, हेही पाहू. 'असर' या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये, करोनाच्या शाळाबंदीनंतर, हे प्रमाण १६.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे, पण अजून दर चार मुलांमागे एकसुद्धा मूल पुरते येत नाही. शिवाय ही चाचणी मजकूर मोठ्याने वाचण्याची आहे. वाचलेले समजले का, हा प्रश्न त्याच्याही पुढचा.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले. एकूण ४,४६९ मिनिटांच्या निरीक्षणात अर्थ कसा लावायचा हे प्रत्यक्ष शिकवण्यासाठी २० मिनिटे खर्च झालेली आढळली. त्याऐवजी शिक्षक बरेचदा प्रश्न विचारत होते आणि उत्तरे तपासत होते. समजले की नाही हे तपासणे वेगळे आणि समजायचे कसे हे शिकवणे वेगळे. आपल्या घरीही आपण अभ्यास घेतो म्हणजे बहुधा तपासतोच.

आपल्या घरातली भाषा

आपल्या मुलांची गोष्ट आणखी थोडी वेगळी आहे. कोल्हापुरात, सांगली-मिरजेकडे किंवा कर्नाटकाच्या सीमेवर आपल्या अनेक घरांत दखनी बोलली जाते. मूल शाळेत जाते तेव्हा पुस्तकातली मराठी असते, मकतबमध्ये अरबी, कुठे उर्दूही, आणि आता पहिलीपासून इंग्रजी. एक लिपी डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे. सहा-सात वर्षांचे मूल हे सारे पेलते, याचे आधी कौतुक करायला हवे.

मकतबमध्ये मूल नाजरा वाचायला शिकते. हरफ ओळखणे, मखरज सांभाळणे, शुद्ध तिलावत करणे. तिलावतीला स्वतःचे मोल आहे आणि तिची शिस्तही वेगळी आहे. मात्र लहान मूल यातून नकळत एक समजूत करून घेते, की वाचणे म्हणजे बरोबर आवाज काढणे. हीच समजूत घेऊन ते मराठीच्या पुस्तकाकडे जाते. तेव्हा मुलाला स्पष्ट सांगावे लागते : "बेटा, हे वाचून झाल्यावर तू मला गोष्ट सांगायची आहेस." एवढे एक वाक्यही त्याचे वाचन बदलू शकते, कारण आता ते कशासाठी वाचायचे आहे, हे त्याला कळलेले असते.

मकतबकडून घेण्यासारखी एक फार चांगली गोष्टही आहे. उस्ताद प्रत्येक मुलाचा सबक वेगळा ऐकतात. चूक झाली तर तिथेच थांबवतात आणि सबक पक्का झाल्याशिवाय पुढचा देत नाहीत. शाळेच्या मोठ्या वर्गात शिक्षकांना हे रोज जमत नाही. घरी मात्र रोज पंधरा-वीस मिनिटे एका मुलाचे वाचन ऐकणे जमू शकते.

आपल्या भाषेत समजून घेण्याची ओढ कोल्हापूरला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी पुढाकार घेतला आणि १९०६ साली येथे मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकातून जाताना ते आजही दिसते. १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. कुरआनचे मराठी भाषांतर व्हावे म्हणूनही त्यांनी प्रयत्न केले. इथला मुसलमान मराठी बोलतो, तेव्हा त्याला मराठीत समजले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. मूल शाळेपर्यंत पोहोचावे, ही त्या काळाची लढाई होती. आज आपली मुले शाळेत पोहोचली आहेत. आता पुस्तकातले त्यांच्यापर्यंत पोहोचते का, हे पाहायचे आहे.

आधी अक्षर पक्के

गॉफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली एक सोपी मांडणी केली. वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडता येणे गुणिले भाषा समजणे. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. त्यामुळे आधी पाहावे की आपले मूल नेमके कशात अडते.

त्याला एखादी नवी गोष्ट आपण वाचून दाखवावी. ऐकून ती कळली, पण स्वतः वाचताना कळली नाही, तर अडचण अक्षरांची आहे. जोडाक्षरे, रफार, मात्रा-वेलांट्या यांवर सगळी ताकद खर्च होते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते. अशा मुलाला संपूर्ण बाराखडी पुन्हा पाठ करायला लावू नये. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने, मॅक्सीन बर्नसन यांच्या मार्गदर्शनाखाली, मराठी वाचनाची एक पद्धत विकसित केली आहे. तिच्यात थोडी अक्षरे आणि एखाददुसरी मात्रा यांचा गट घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला देतात. घरीही हे करता येते. क, म, ल, र आणि काना एवढे आले की काम, कमाल, माल, मार, कलाकार असे शब्द तयार होतात. मुलाला पहिल्या आठवड्यापासून कळते, की अक्षरांतून काहीतरी अर्थ निघतो.

गोष्ट ऐकूनही कळली नाही, तर अडचण भाषेची आहे. पुस्तकातली मराठी त्याला पुरेशी ओळखीची नाही. मग आणखी वाचायला लावून फायदा नाही, आधी बोलणे वाढवावे लागेल.

वाचण्याआधी, वाचताना, वाचल्यावर

धडा उघडण्याआधी दोन मिनिटे त्या विषयावर गप्पा मारा. दखनीत मारा, मराठीत मारा, जी भाषा घरात सहज येते तिच्यात मारा. धडा पावसावर असेल तर गेल्या पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला तेव्हा काय झाले, ते आठवा. चित्रे पाहून पुढे काय असेल, याचा अंदाज बांधायला सांगा. अंदाज चुकला तरी चालतो, कारण तो बरोबर निघतो का हे पाहण्यासाठी मूल लक्ष देऊन वाचते.

वाचताना दर चार-पाच ओळींनंतर थांबा. पालिंक्सर आणि ब्राउन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना चार सवयी लावल्या होत्या. वाचलेले थोडक्यात सांगणे, त्यावर स्वतः प्रश्न तयार करणे, अडलेला शब्द किंवा वाक्य उलगडणे आणि पुढे काय येईल हे ओळखणे. यात मोठी माणसे आणि मुले आळीपाळीने शिक्षक होतात. घरात दोन भावंडे असतील तर हा खेळ फार रंगतो. आज आपा प्रश्न विचारणार, उद्या धाकटा. प्रश्न तयार करायचा म्हटले की मजकूर नीट समजावाच लागतो.

वाचून झाल्यावर तीन प्रकारचे प्रश्न विचारा. उदाहरणासाठी हा छोटा उतारा घ्या :

"गुऱ्हाळात चरकावर उसाचा रस काढतात. तो मोठ्या काहिलीत उकळायला ठेवतात. त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात. थोड्या वेळाने वर काळपट मळी येते, ती काढून टाकतात. रस घट्ट झाला की वाफ्यात ओततात आणि मग गुळाच्या ढेपा करतात."

पहिला प्रश्न ओळीतला : रस कशात उकळतात? याचे उत्तर उतारा पाहून सापडते. दुसरा प्रश्न दोन ओळींच्या मधला : रानभेंडीचा रस कशासाठी घालत असतील? हे उताऱ्यात थेट लिहिलेले नाही. भेंडी घातली, मग मळी वर आली, या दोन गोष्टी मुलाला स्वतः जोडाव्या लागतात. तिसरा प्रश्न ओळींच्या पलीकडचा : आपल्या घरी आणखी कशावरची मळी किंवा फेस काढताना तू पाहिला आहेस? इथे त्याला अम्मीच्या हातचा साखरेचा पाक आठवेल, शिजणाऱ्या डाळीवरचा फेस आठवेल. पुस्तक आणि घर यांची गाठ पडते, आणि अशी गाठ पडलेले सहसा विसरले जात नाही.

पहिल्या प्रकारचे प्रश्न शाळेत भरपूर असतात. घरी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे विचारा. उत्तराला वेळ द्या. मनात दहापर्यंत आकडे मोजा आणि मगच मदत करा. "कशावरून म्हणतोस?" हा एक प्रश्न प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर उत्तरानंतरही, विचारा.

घरची भाषा अडवू नका

मूल "पानी" म्हणते, "पाणी" म्हणत नाही, म्हणून काही पालक घरात दखनी बोलणेच बंद करतात. हे करू नका. मुलाच्या जवळ विचार करण्यासाठी जी भाषा आहे, तीच आपण काढून घेतो आणि तो गप्प होतो. गप्प मुलाला कोणतीच भाषा येत नाही. त्यापेक्षा दोन्ही शब्द शेजारी ठेवा. आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी असते. न आणि ण, ल आणि ळ यांच्या जोड्या करून भिंतीवर लावा. मन आणि मण, काल आणि काळ, वेल आणि वेळ. एका अक्षराने अर्थ बदलतो, हे मुलांना गमतीचे वाटते. दखनीतला "नको" मराठीतही आहे, हे सापडले की त्यांना आणखी मजा वाटते. दोन भाषांची तुलना करणारे मूल भाषेकडे बारकाईने पाहू लागते.

उतरवणे म्हणजे लिहिणे नाही

आता लेखनाकडे वळू. आपल्या मुलांच्या वह्या भरलेल्या असतात, पण त्यातले बहुतेक फळ्यावरून किंवा पुस्तकातून उतरवलेले असते. "माझा आवडता सण" हा निबंध गाइडमधून पाठ केला जातो, आणि चाळीस मुलांचा आवडता सण चाळीस वह्यांत शब्दशः सारखाच साजरा होतो.

कोल्हापुरातच याला मोठे उत्तर दिले गेले. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले. शिक्षक घडवण्याचे काम करून झाल्यावर त्या पुन्हा लहान मुलांच्या शाळेकडे वळल्या. मुलांचा अनुभव आणि आजूबाजूचा परिसर हा शिक्षणाचा पाया मानून त्यांनी शाळा चालवली आणि मुलांच्या स्वतंत्र लेखनावर भर दिला. २०२० साली त्यांचे निधन झाले. अनुभव आधी, त्यावर बोलणे मग आणि लिहिणे त्यानंतर, हा क्रम कोणत्याही घरात पाळता येतो.

सुरुवातीला मुलाने बोलावे आणि मोठ्यांनी लिहावे. मूल जे बोलेल ते तसेच्या तसे लिहा आणि त्यालाच वाचायला द्या. स्वतःचे बोलणे कागदावर आलेले पाहून त्याला लेखन म्हणजे काय, हे कळते. मग हळूहळू पेन्सिल त्याच्या हाती द्या.

समजा, मुलाने लिहिले : "मी ईदला रंकाळ्याला गेलो. खूप मजा आली." इथे शाबासकी देऊन थांबू नका आणि लाल पेनही उचलू नका. विचारा, कोणाबरोबर गेलास? कोणती गोष्ट लक्षात राहिली? त्याने सांगितलेले त्यालाच लिहायला सांगा. मग काहीसे असे तयार होईल : "ईदच्या दिवशी मी मामूंबरोबर रंकाळ्यावर गेलो. माझे नवे बूट चावत होते. मी ते हातात घेऊन चाललो. भेळवाल्याने विचारले, बूट विकायचे आहेत का? मामू खूप हसले." हे पाच वाक्यांचे लेखन कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही.

चुका दुरुस्त कराव्यात, पण एका वेळी एकाच प्रकारच्या. या आठवड्यात पूर्णविराम पाहू, पुढच्या आठवड्यात ण आणि ळ. पानभर लाल खुणा पाहिलेले मूल पुढच्या वेळी दोनच वाक्ये लिहिते, कारण कमी लिहिले की चुका कमी होतात, हे त्याला समजलेले असते.

आणि लेखनाला खरा वाचक द्या. नानीला चिठ्ठी, आखातात असलेल्या अब्बांना पत्र, रमजानच्या बाजारहाटाची यादी, खालाकडून विचारून लिहून घेतलेली शीरखुर्म्याची कृती. कृतीत दूध लिहायचे राहिले तर शीरखुर्मा कसा होणार? लेखन स्पष्ट का असावे, हे इथे सांगावे लागत नाही.

ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी

"आम्ही शिकलो नाही, आम्ही काय शिकवणार?" असे अनेक माता म्हणतात. वर सांगितलेल्या कामांपैकी पुष्कळशी कामे अक्षरओळखीशिवाय होतात. मुलाला शेजारी बसवून वाचायला सांगा. थोड्या वेळाने विचारा, "फिर क्या हुया? कायकू हुया?" मूल दखनीत सांगू लागले तर उत्तमच. मराठीत वाचलेले दखनीत सांगायचे म्हणजे अर्थ समजल्याशिवाय सांगताच येणार नाही. रटलेले उत्तर इथे कामाला येत नाही. दादीने सांगितलेली कहाणी मुलाने मराठीत लिहून काढणे, हा याचाच उलटा आणि तितकाच मोलाचा अभ्यास आहे.

वाचायला काय द्यावे? पाठ्यपुस्तकाबाहेरचे काहीतरी. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभे आहे. महिन्यातून एका रविवारी मुलांना घेऊन तिथे किंवा आपल्या जवळच्या वाचनालयात जा. पुस्तक त्यांना निवडू द्या.

शाळेशीही बोला. पालक सभेत "किती गुण पडले?" एवढेच विचारून परत येऊ नका. "वाचलेली गोष्ट तो स्वतःच्या शब्दांत सांगतो का? स्वतःच्या मनाने किती ओळी लिहितो?" हे विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. या समितीत आपल्या माता-भगिनींनी जावे आणि रोजच्या वेळापत्रकात मुलांच्या मोकळ्या वाचनासाठी अर्धा तास मागावा. दुसरी संपत आली तरी मूल साधे शब्द वाचत नसेल, तर त्याला "ढ" ठरवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि शिक्षकांना भेटा.

आठवड्याची आखणी अशी ठेवता येईल. चार दिवस पंधरा-वीस मिनिटे वाचन आणि त्यावर गप्पा. एक दिवस पाच-सहा ओळींचे स्वतःचे लेखन. एक दिवस मागचे लेखन काढून त्यात एक सुधारणा. सातव्या दिवशी मुलाने घरातल्या सर्वांना एक गोष्ट वाचून दाखवायची, आणि प्रश्न त्यानेच विचारायचे. आपण उत्तरे द्यायची. एखादे उत्तर चुकले तर त्याला ते दुरुस्त करू द्या, आणि "कशावरून म्हणतोस?" असे त्याला पुन्हा विचारायला विसरू नका.